सक्रिय कोळसा आणि आपले अन्न : ९. सालीच्या आतले अवशेष

करवंटीपासून सक्रिय कोळसा कसा तयार होतो, याचे वर्णन या हप्त्यात यावयाचे होते. परंतु एका वाचकांचा प्रश्न इतका मुळाला हात घालणारा आहे की, करवंटीची भट्टी आठवडाभर लांबणीवर टाकणे भाग आहे. कोळशाची पूड कालवलेल्या पाण्यात सफरचंदे रात्रभर बुडवून ठेवली, तर त्यांच्यावरील कीटकनाशकांचे अवशेष निघून जातील काय, असे त्यांनी विचारले आहे.

सक्रिय कोळसा अधिशोषणाने काम करतो; त्यात द्रवातील रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. कोळशाच्या एका ग्रॅममध्ये साधारणतः ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असला, तरी त्यातील बराचसा अतिसूक्ष्म छिद्रांच्या आत दडलेला असतो, आणि तेथवर पोहोचण्यासाठी रेणूला आधी पाण्यात उतरावे लागते. सफरचंदाच्या सालीवर मात्र मेणाचा थर असतो. अनेक कीटकनाशके पाण्यापेक्षा या मेणात अधिक सहज विरघळतात, तर आंतरप्रवाही औषधे, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत शिरून पसरणारी औषधे, गरापर्यंतही जाऊ शकतात. जे पाण्यात उतरतच नाही, ते कोळशाच्या हाती लागणार नाही.

औषधाचा किती भाग सालीत मुरतो आणि किती वर राहतो, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ मधील प्रयोगावरून कळते. सफरचंदांवर थायाबेंडाझोल हे आंतरप्रवाही बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून चोवीस तास ठेवले असता थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के, तर फॉस्मेटचा ४.४ टक्के भाग सालीत शिरला. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणाने पृष्ठभागावरचे थायाबेंडाझोल १२ मिनिटांत सुमारे ८० टक्के आणि फॉस्मेट १५ मिनिटांत ९६ टक्के निघाले, कारण सोड्यातील अल्कधर्मामुळे दोन्ही रसायनांचे विघटन होते. आत मुरलेला भाग मात्र राहिला.

याच थायाबेंडाझोलची प्रयोगशाळेतली गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पालकासारख्या भाजीतील अवशेष मोजताना भाजी वाटून अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात तिचा अर्क काढतात. हा अर्क गडद हिरवा असतो आणि त्यातील हरितद्रव्य उपकरणाला बाधक ठरते, म्हणून त्यात ग्रॅफाइटसारखी रचना असलेल्या कार्बनची चिमूटभर पूड घालून नळी हलवतात व वेगाने फिरवतात. काळी पूड तळाशी बसते आणि वर फिकट द्रव राहतो. हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा सपाट असल्याने तो कार्बनच्या सपाट थरांना घट्ट बिलगतो. परंतु थायाबेंडाझोलचा रेणूही सपाट असल्याने तोही त्याच ओढीने अर्काबाहेर जातो. परिणामी अवशेष प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात आणि मर्यादा ओलांडलेली भाजीही निर्दोष ठरू शकते. म्हणून अनेक ठिकाणी द्रावकात टोल्युइन मिसळतात. त्याचा रेणूही सपाट असल्याने तो कार्बनवरील जागा बळकावतो आणि अडकलेले अवशेष मोकळे होतात. सालीच्या आत असताना कोळशाला न सापडणारे द्रव्य द्रावणात उतरताच कोळसा सोडावयास तयार नसतो, हे येथे स्पष्ट दिसते.

म्हणूनच सक्रिय कोळशाचे खरे क्षेत्र पाणी, फळांचे रस आणि तेले हे आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या नियमांनुसार द्राक्षरसावर १०० लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत कोळसा वापरता येतो. मात्र कोळसा रंग आणि सुगंधही ओढून घेत असल्याने मात्रा बेताचीच ठेवावी लागते.

वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे की, सफरचंद सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटे ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे आणि कोळशाची पूड त्यात घालू नये. मोठ्या प्रमाणावर फळे धुणाऱ्या केंद्रांनी मात्र धुण्याच्या पाण्यात उतरलेली औषधे नाल्यात सोडण्यापूर्वी ते पाणी कोळशाच्या गाळणीतून अवश्य न्यावे. त्या गाळणीत करवंटीचाच कोळसा का घालावा, हे पुढील हप्त्यात भट्टीसह येईल.