तळ दिसला तरच पूल चालू



फौजेतून निवृत्त झालो आणि सिकंदराबादला आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलची जबाबदारी गळ्यात पडली. पूलशेजारी मोठा गुलमोहर आहे. मे महिन्यात एका वादळी रात्रीनंतर पाणी पानांनी भरलं, गढूळ झालं. ‘संध्याकाळी काढू’ म्हणून आम्ही पूल चालूच ठेवला. एक मुलगा श्वास रोखून तळाशी बसला होता. काठावर आम्ही तिघं उभे, पण तो एकालाही दिसला नाही. तो हसत वर आला. माझ्या पायातलं बळ मात्र गेलं.

तेव्हापासून एकच नियम. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली नाही, तर पूल बंद.

आता पानांचं समजून घ्या. पडलेलं पान आधी तरंगतं. तोवर स्किमर, म्हणजे वरचं पाणी ओढून घेणारं भिंतीतलं तोंड, ते पकडू शकतं. पाण्याची पातळी या तोंडाच्या मध्यावर ठेवा. ती खाली गेली तर पंप हवा ओढतो. पान भिजून बुडालं की स्किमरचा उपयोग नाही. तळाशी ते कुजतं, लादीवर तपकिरी डाग पाडतं आणि क्लोरीन खातं. मग शेवाळाला रान मोकळं.

म्हणून क्रम पाळा. आधी लांब दांड्याच्या जाळीने पानं काढा. भिंती ब्रशने घासा, गाळ खाली बसू द्या, मग तळाला व्हॅक्यूम लावा. स्किमरची आणि पंपाची टोपली रिकामी करा; पंप बंद करूनच झाकण उघडा. गुलमोहराची बारीक पानं टोपलीतून निसटून फिल्टरपर्यंत जातात. प्रेशर गेजचा आकडा नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआयने चढला की बॅकवॉश करा. क्लोरीन सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो संध्याकाळी, कारण उन्हात ते लवकर उडतं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८ असू द्या.

आम्ही झाड तोडलं नाही, पाण्यावर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटल्या. रोज सकाळी सहाला एकाची ड्यूटी असते. तो तळ पाहतो, वहीत सही करतो, मगच फाटक उघडतं.