पीएसए चाचणी

पीएसए चाचणी ही पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या, कर्करोगाची शक्यता लवकर ध्यानात यावी यासाठी केली जाणारी रक्तचाचणी आहे. पीएसए हे 'प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन' या नावाचे संक्षिप्त रूप होय. पुरःस्थ ग्रंथीत तयार होणारे हे प्रथिन वीर्य पातळ करते. त्याचा अत्यल्प अंश रक्तात उतरतो. हे प्रमाण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात मोजतात.

इतिहास

१९७९ साली अमेरिकेतील बफलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत हे प्रथिन पुरःस्थ ग्रंथीतून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठी, तर १९९४ मध्ये कर्करोग शोधण्यास साहाय्य म्हणून या चाचणीस मान्यता दिली.

निष्कर्षांचा अर्थ

दीर्घकाळ ४ ही सामान्य प्रमाणाची वरची मर्यादा मानली गेली. तथापि वाढलेले पीएसए म्हणजे कर्करोग नव्हे. वयोमानानुसार ग्रंथीची होणारी निरुपद्रवी वाढ, ग्रंथीचा दाह व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळेही ते वाढते. याउलट फिनास्टेराइड या औषधाने ते सुमारे निम्म्यावर येते. कमी पीएसए असतानाही कर्करोग असू शकतो. त्यामुळे फेरतपासणी व एमआरआय यांनंतर आवश्यकता भासल्यास बायॉप्सी करतात. निश्चित निदान बायॉप्सीनेच होते.

लाभ आणि मतभेद

पुरःस्थ ग्रंथीचे अनेक कर्करोग इतके संथ वाढतात की रुग्णाला आयुष्यभर त्रास होत नाही. असे रोग शोधून त्यांवर शस्त्रक्रिया वा किरणोपचार केल्यास मूत्रावरील नियंत्रण जाणे, लैंगिक दुर्बलता येणे असे परिणाम विनाकारण भोगावे लागतात. यास अतिनिदान म्हणतात. दुसरीकडे, आक्रमक रोग वेळीच सापडल्यास प्राण वाचू शकतात. युरोपातील विस्तृत चाचणीत तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. अमेरिकेतील चाचणीत असा फरक दिसला नाही. मात्र तेथील तुलनेच्या गटातील अनेकांनी स्वतंत्रपणे पीएसए तपासून घेतले होते.

सद्यःस्थिती

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१२ मध्ये सरसकट तपासणीविरुद्ध मत दिले. २०१८ मध्ये त्यात बदल करून ५५ ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांनी वैद्यांशी चर्चा करून वैयक्तिक निर्णय घ्यावा, तर ७० वर्षांनंतर ही तपासणी करू नये, अशी शिफारस केली. वडील किंवा भाऊ यांना हा रोग झालेल्यांना धोका अधिक असतो. कमी जोखमीच्या रोगात तत्काळ उपचारांऐवजी नियमित तपासण्यांद्वारे लक्ष ठेवण्याची पद्धत आता रूढ होत आहे.