दाबाखालचा प्राणवायू

तांबड्या पेशींशिवाय प्राणी जगू शकेल काय? रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, हे आपण शाळेत शिकतो. तेच काढून घेतले तर मृत्यू ठरलेलाच. परंतु हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांनी १९६० साली एक आश्चर्यकारक प्रयोग प्रसिद्ध केला. डुकरांच्या पिलांच्या जवळजवळ सर्व तांबड्या पेशी त्यांनी काढल्या व त्यांच्या जागी रक्तद्रवासारखा द्राव भरला. तरीही पिले जिवंत राहिली! ती एका बंद कोठीत होती. तेथील दाब वातावरणाच्या तिप्पट होता आणि श्वासासाठी त्यांना शुद्ध प्राणवायू मिळत होता.

हे कसे घडले? सोड्याची बाटली आठवा. तिच्यातील वायू दाब देऊन पाण्यात विरघळवलेला असतो. बाटली उघडताच दाब उतरतो व वायू फसफसून बाहेर येतो. दाब जितका अधिक, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. हा नियम इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री याने १८०३ साली मांडला.

आता रक्ताचा हिशेब करू. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू असतो. त्यातील बहुतेक सगळा हिमोग्लोबिनने धरलेला असतो. रक्तद्रवात विरघळलेला जेमतेम ०.३ मिलिलिटर. साध्या हवेतही हिमोग्लोबिन जवळजवळ भरलेलेच असते, त्यामुळे त्यात फारशी भर पडत नाही. रक्तद्रवाचे तसे नाही. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला, तर त्यात सुमारे ६ मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. विश्रांतीच्या वेळी शरीर तेवढ्याच रक्तातून सुमारे ५ मिलिलिटर वापरते. म्हणजे नुसत्या रक्तद्रवावरही काम भागते!

याचा जखमेशी काय संबंध? जखम भरणे हे मोठे बांधकामच आहे. पांढऱ्या पेशी प्राणवायूच्या साहाय्याने जंतू मारतात. इतर पेशी कोलॅजनचे धागे विणतात, त्यालाही प्राणवायू लागतो. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, तर कर्करोगावरील किरणोपचारांनी काहींच्या जबड्यातील बारीक वाहिन्या नष्ट होतात. मग जखम महिनोन्महिने चिघळते. कधी पाय कापण्याची पाळी येते. अशा वेळी प्राणवायूने भरलेला रक्तद्रव उपासमार झालेल्या पेशींपर्यंत पोचतो आणि नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. वायुकोथ या भयंकर रोगाचे जंतू तर प्राणवायूत वाढूच शकत नाहीत. तेथे शस्त्रक्रिया व प्रतिजैविके यांच्या जोडीला हा उपचार देतात.

रुग्णाला पारदर्शक नळकांड्यात झोपवतात किंवा अनेकांना मोठ्या कोठीत बसवून मुखवट्यातून प्राणवायू देतात. दाब वातावरणाच्या दुप्पट ते अडीचपट असतो. एक बैठक सुमारे दीड ते दोन तासांची. जुनाट जखमांसाठी बहुधा २० ते ४० बैठका लागतात. दाब वाढताना, घाट उतरताना बसतात तसे, कानात दडे बसतात.

पण प्राणवायूचाही अतिरेक घातक असतो. जास्त दाबाच्या प्राणवायूने आकडी येते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ सालीच दाखवले होते. आगीचा धोका तर फारच मोठा. १९९७ साली इटलीतील मिलान येथे अशा कोठीला आग लागून ११ जण मृत्युमुखी पडले. म्हणून आत काडेपेटीसारखी ठिणगी पाडणारी वस्तू नेऊ देत नाहीत.

शिवाय हा सर्व रोगांवरचा रामबाण उपाय नव्हे. १९२८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. कनिंगहॅम यांनी दाबाखालील हवेचे पाच मजली पोलादी गोलाकार रुग्णालय उभारले. मधुमेह, कर्करोग यांवरही त्यात उपचार होत. पण पुरावा देता आला नाही आणि १९४२ साली तो गोल भंगारात गेला. मधुमेहाच्या जखमांबाबतही आजवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मोठी रोहिणीच तुंबली असेल, तर आधी ती मोकळी करावी लागते. जखमेची स्वच्छता व साखरेवर ताबा हेही हवेतच.

तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर त्यांचे तळपाय रोज पाहत जा. त्यांना टोचलेले जाणवत नाही. तुम्हाला मात्र दिसते. लहानशी जखम वेळीच डॉक्टरांना दाखवली, तर या कोठीत जाण्याची वेळच बहुधा येणार नाही.