जुन्या फियाटला नवे पेट्रोल पचेना

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात, आणि त्यांच्या टाकीत पडते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. या गाड्या घडल्या तेव्हा असे इंधन कोणाच्या गावीही नव्हते.

देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तेव्हा काळजी इंजिनातील व्हॉल्व्हची होती. आता प्रश्न टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या साऱ्या वाटेचा आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. नव्या गाडीतील सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्याच्या जेटचे छिद्र ठरलेले असते. परिणामी मिश्रणात हवा जास्त होते, गाडी ओढत नाही आणि इंजिन तापते. जेट थोडे मोठे बसविणे हा त्यावर उपाय आहे.

उभ्या गाडीचे दुखणे वेगळेच. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळाभर गाडी झाकून ठेवली, की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकते; पत्रा गंजतो आणि सुटलेला गाळ जेटमध्ये अडकतो. (उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे आणि पंपावर ओले फडके टाकणे हे मात्र जुनेच दृश्य, त्याचा सारा दोष उसाच्या माथी मारता येणार नाही.)

खरा धोका रबराचा. पद्मिनीचा यांत्रिक इंधनपंप रबरी पडद्यावर, म्हणजे डायाफ्रामवर चालतो. जुन्या प्रतीचे रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते, पुढे चिरते. नळी चिरली, तर पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकून आग लागू शकते. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या ट्यूनिंगवर खर्च करण्याआधी सर्व नळ्या आणि डायाफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घेणे शहाणपणाचे. डायाफ्राम फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरते. ऑइल तपासण्याच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी मेकॅनिकला बोलवावे.