बाळाचे नाव उपाली ठेवायचे का?

हल्ली बाळ जन्माला येण्याआधीच घरात नावांची यादी तयार असते. मोबाईलवर शोधलेली. आर्यन, विहान, आरव, रेयांश. अर्थ विचारला तर आई वडिलांकडे बघते आणि वडील मोबाईलकडे. नावे वाईट नाहीत, पण त्यांचा आपल्या घराशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका तरुण जोडप्याने मात्र मुलाचे नाव 'उपाली' ठेवायचे ठरवले आणि घरात वादाला तोंड फुटले. लोकांचे फॉर्म भरून देण्याच्या निमित्ताने आम्हाला अशा घरांतून बोलावणे येते, तसे तेथूनही आले. बाळाच्या मावशीचे म्हणणे, रूपाली-दीपालीसारखे हे मुलीचे नाव वाटते, शाळेत पोरे चिडवतील. काका खासगी कंपनीत कामाला. ते म्हणाले, असे नाव ऐकले की समोरचा लगेच ओळखतो, मग भाड्याची खोलीही मिळत नाही. आजीचे म्हणणे सर्वांत वेगळे. नवऱ्याचे नाव घराण्यात राहिले पाहिजे. आजोबांचे नाव कचरू.

तरुण मंडळी हसली. आम्हाला हसू आले नाही. कचरू, केरबा, धोंडू, दगडू, भिकाजी ही नावे आपल्या आजा-पणजांना का पडली, हे मुलांना ठाऊक असायला हवे. त्या काळी मुले जगत नसत. दोन-तीन गेली की पुढच्या बाळाला केरात ठेवून उचलायचे, म्हणजे या टाकाऊ पोराकडे मरण वळून बघणार नाही, अशी समजूत. नाक टोचून नथू म्हणायचे तेही त्याच भीतीपोटी. ही रीत इतर जातींतही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपल्या बाबतीत भीतीच्या जोडीला धर्मशास्त्रही होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवान, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे किळस यावी असे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा हा श्लोकही जळाला. म्हणून कचरू आजोबांचा फोटो भिंतीवर मानाने असावा, त्यांच्या कष्टांची हकिकत नातवाला सांगावी, पण ते नाव पुन्हा पाळण्यात घालू नये, असे आम्ही आजीला सांगितले. त्यांना ते लगेच पटले नाही. नवऱ्याचे नाव आहे, त्यात किळस कसली, असे त्या म्हणाल्या. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग त्यांनीच विचारले, हा उपाली कोण? उपाली म्हणजे शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद वगैरे शाक्य कुमार भगवंतांकडे प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांनी आपले दागिने उपालीला देऊन त्याला परत पाठवले. त्याने ते गाठोडे झाडाला टांगले आणि तोही मागून गेला. शाक्यांना कुळाचा मोठा अभिमान. तो उतरावा म्हणून कुमारांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. पुढे भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी विनयाचे प्रश्न विचारले ते उपालीला, आनंदाच्याही आधी. म्हणजे संघाच्या कायद्याचा जाणकार एक न्हावी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची गोष्ट सांगितली आहे. ग्रंथ पुष्कळ घरांत आहे. फुले वाहून होतात, पाने उलटली जात नाहीत.

मावशींची शंका मात्र खोटी नाही. हजेरीपटात हे नाव मुलींच्या यादीत जाणार, एखादा मास्तर 'कुमारी' लिहिणार. आईवडिलांना हे दरवर्षी निस्तरावे लागेल. तेवढी तयारी नसेल तर त्याच ग्रंथातला सफाई कामगार सुनीत आहे. नाव तितकेच जुने, त्यामागची गोष्ट तितकीच मोठी आणि कोणाची जीभही अडखळत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले नाव हवे असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जाऊन यावे. दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, आणि सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त, यांची नावे तेथे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव दगडावर आले, तेही त्याच्या बापाच्या नावासकट.

नाव अनोळखी आहे म्हणून बिचकू नये. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे मिलिंद हे नाव त्या कॉलेजला मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. आज मिलिंद हाक मारली तर कोणी वळून बघत नाही. (मिलिंद म्हणजे भुंगा हा अर्थ निराळा.)

काकांच्या भीतीला आम्ही नावे ठेवत नाही. खोली नाकारलेली माणसे आम्हीही पाहिली आहेत. पण ओळखणारा आडनावावरून ओळखतो, तेही बदलले तर गाव विचारतो. त्याच्या भीतीने पोराचे नाव किती वेळा बदलायचे?

आता कामाची गोष्ट. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव त्याच वेळी दिले पाहिजे असे नाही. नाव न घालताही नोंद होते. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा वाद मिटेपर्यंत वेळ आहे, घाईने काहीही लिहून देऊ नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. म्हणून नावाचे इंग्रजी स्पेलिंग घरात एकदाच ठरवावे, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि तो कागद खिडकीवरच्या बाबूच्या हातात द्यावा, तोंडी सांगू नये. सुनीतमध्ये एक आय की दोन ई, यावरून पुढे आधार आणि शाळेचा दाखला जुळत नाही आणि प्रतिज्ञापत्रासाठी एक दिवसाची मजुरी बुडते.