गुंठ्याएवढा चौकोन: उपग्रहचित्रांविषयीचे काही गैरसमज

इंग्रजी अमदानीत, १८३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात जमिनीच्या पैमाशीचे काम हाती घेतले. आणि शिवाराचा तुकडा न् तुकडा मोजून, त्याचा कस ठरवून, त्यावर सारा बांधण्याचा जो शिरस्ता तेथे पडला, तोच पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया ठरला. तेहतीस फुटांची साखळी हे त्या मोजणीचे साधन. ती लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा टाकली की गुंठा भरे, आणि असे चाळीस गुंठे मिळून एकर होई. आज युरोपीय अवकाश संस्थेचे ‘सेंटिनेल-२’ मालिकेतील उपग्रह पावणेआठशेहून अधिक किलोमीटर उंचीवरून पृथ्वी न्याहाळीत जातात, तेव्हा त्यांच्या चित्रातील सर्वांत बारीक चौकोन, ज्याला पिक्सेल म्हणतात तो, दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ नेमका एका गुंठ्याएवढा असतो. हा निव्वळ योगायोग आहे. पण तो ध्यानात ठेवला, तर हल्ली कचेरीपासून चावडीपर्यंत ‘उपग्रहाने पाहिले आहे’ हे वाक्य ज्या निर्णायक स्वरात उच्चारले जाते, त्या स्वरामागचे पुष्कळ गैरसमज दूर होण्यास मदत होईल.

गैरसमज १: उपग्रहाची नजर अष्टौप्रहर आपल्यावर खिळलेली असते.

वस्तुस्थिती: जे उपग्रह आपले शिवार स्पष्ट टिपतात, ते एका जागी थांबत नाहीत, ते फिरतीवरच्या अंमलदारासारखे ठरलेल्या दिवशी येतात आणि काही क्षणांत निघून जातात. अमेरिकेचा एक ‘लँडसॅट’ त्याच जागेवर १६ दिवसांनी परततो. ‘सेंटिनेल-२’ ची जोडी साधारण ५ दिवसांनी येते. आपल्या ‘रिसोर्ससॅट’ वरील लिस-३ कॅमेऱ्याची पाळी २४ दिवसांनी येते. याउलट ‘इन्सॅट-३डी’ सारखा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आपल्या डोक्यावर स्थिर भासतो आणि अर्ध्या अर्ध्या तासाने चित्र धाडतो हे खरे; परंतु त्याचा बारीकात बारीक चौकोन किलोमीटरभराचा, त्यामुळे त्याला ढग दिसतात, घरे दिसत नाहीत. भ्रमणध्वनीवरच्या नकाशात आपण स्वतःचे घर पाहतो, ते चित्र कित्येकदा महिन्यांपूर्वीचे, क्वचित वर्षांपूर्वीचेही असते, आणि शेजारच्या गल्लीचे चित्र त्याच दिवसाचे असेल याचीही शाश्वती नसते.

गैरसमज २: वरून बारीकसारीक सर्व काही दिसते.

वस्तुस्थिती: १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेलेल्या आपल्या ‘आयआरएस-१ए’ च्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साडेबहात्तर मीटरांचा होता; म्हणजे सव्वा एकराहून अधिक जमीन एका ठिपक्यात जमा होई. २०१९ साली गेलेला ‘कार्टोसॅट-३’ पाव मीटरच्या आसपासची वस्तू वेगळी दाखवू शकतो. प्रगती मोठी खरी. पण शेती, पाणी, वने यांच्या नित्याच्या पाहणीत वापरली जाणारी चित्रे बहुधा या दोन टोकांच्या मधली असतात. डाळिंबाची बाग साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतरावर लावलेली असेल, तर गुंठ्याच्या एका चौकोनात सात-आठ झाडे आणि त्यांच्यामधली उघडी जमीन अशा सर्वांची सरासरी होऊन एकच रंग उमटतो. तो रंग ना झाडाचा असतो, ना मातीचा. आणि चित्र कितीही बारीक झाले, तरी उपग्रह छपराच्या आत पाहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या पत्र्याखाली संसार आहे, यंत्रमाग आहे, की एकाच खोलीत दोन्ही नांदत आहेत, हे मिळकतकराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे. परंतु वरून पाहणाऱ्याला पत्रा तेवढा दिसतो.

गैरसमज ३: चित्रात हिरवे ते जिवंत, करडे ते उजाड.

वस्तुस्थिती: या एका समजुतीने सोलापूर जिल्ह्यावर जितका अन्याय होऊ शकतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. एक तर उपग्रहचित्रांच्या पुष्कळ प्रचलित रंगयोजनांत हिरवळ लाल दिसते. कारण सतेज पान निकट-अवरक्त किरणे, जी आपल्या डोळ्यांस दिसत नाहीत, फार मोठ्या प्रमाणात परावर्तित करते आणि त्या किरणांना चित्रात लाल रंग दिलेला असतो. पण रंगाचे राहो. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पावसाळ्याचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून तोवर रान मुद्दाम मोकळे राखलेले असते. ऑगस्टमधले चित्र पाहून कोणी ते ‘पडीक’ म्हणून नोंदवले, तर चित्र खोटे ठरत नाही, वाचणारा चुकलेला असतो. डाळिंबाचा बागाईतदार बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून झाडांना ताण देतो. पाने गळतात, बाग ओकीबोकी होते, आणि उपग्रहाचा वनस्पती-निर्देशांक खाली येतो. जो घसरलेला आकडा दूरच्या कचेरीत बाग वाळल्याचा पुरावा म्हणून वाचला जाईल, तोच बांधावर उभ्या असलेल्या माणसाला येणाऱ्या फुलांची वर्दी असतो.

याहून गंभीर उदाहरण नान्नजच्या माळाचे. १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य प्रारंभी कागदोपत्री सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे होते. पुढे ते सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरांवर आले. माळढोक, काळवीट आणि लांडगा यांचे हे घर म्हणजे गवताचा, विरळ झुडपांचा, उन्हाळ्यात पिवळा-करडा पडणारा माळ. तो वाळवंट नव्हे, की तुटलेल्या जंगलाचा अवशेषही नव्हे. ती स्वयंपूर्ण अशी सृष्टी आहे. तथापि उपग्रहचित्रांच्या आधारे २००० सालापासून केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ हा वर्ग पडीकातच मोडतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. कॅमेऱ्याने गवत दाखवले. ‘पडीक’ हा शब्द महसुली दप्तरातून आला, आणि ज्या जमिनीतून सारा येत नाही ती निरुपयोगी, हा जुना हिशेब त्याच्यासोबत आला.

गैरसमज ४: धरणात किती पाणी आहे, हे चित्रावरून थेट कळते.

वस्तुस्थिती: चित्राला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, खोली दिसत नाही, उजनीसारख्या गढूळ आणि शेवाळाने हिरवट झालेल्या जलाशयात तर प्रकाश फारसा खाली उतरतच नाही. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. परंतु त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा, आणि शून्याची खूण त्याच्या माथ्यावर धरलेली. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रे ‘उजनी उणे’ असे छापीत असतात, त्याच दिवसांच्या उपग्रहचित्रात विस्तीर्ण जलाशय चमकताना दिसतो. दोन्ही खरी असतात. शून्याची खूण कोठे धरली, एवढाच काय तो प्रश्न. पृष्ठभागाचे क्षेत्र आणि त्या दिवशीची पातळी यांची सांगड घालीत गेल्यास, जलाशय वेगवेगळ्या पातळ्यांना पूर्वीपेक्षा किती आक्रसला यावरून साचलेल्या गाळाचा अंदाज मात्र काढता येतो, आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था असे काम करीत आली आहे. एक सावधगिरी हवी: तळ्यावर जलपर्णी पसरली, की चित्रात ते पाणी शेतासारखे दिसू लागते, आणि तळे वस्तुतः असते त्याहून लहान मोजले जाते.

गैरसमज ५: पावसाळ्यात उपग्रह आंधळा होतो.

वस्तुस्थिती: नेहमीचे कॅमेरे ढगांपुढे हतबल होतात हे खरे, पण ‘सेंटिनेल-१’ किंवा २०२२ साली गेलेला आपला ‘ईओएस-०४’ हे रडारचे उपग्रह स्वतःच लहरी सोडून त्यांचा परतलेला अंश टिपतात, आणि त्या लहरी ढगांतून व अंधारातून पार जातात. शांत पाणी त्या लहरी दुसरीकडे परतवीत असल्याने काळे दिसते, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आला तसा पूर ढगाखालीही आखता येतो. पण येथेही आपल्या जिल्ह्याची खोड आड येते: पुरुषभर उंच, दाट उसात शिरलेले पाणी पानांच्या पडद्याआड राहून चित्रातून निसटते, आणि नुकसानीची जी पाहणी केवळ चित्रावर विसंबते, ती उसाच्या मालकाला कोरडा ठरवून मोकळी होते.

गैरसमज ६: उपग्रहाने दाखवलेला उष्मा म्हणजे हवेचे तापमान.

वस्तुस्थिती: तो पृष्ठभागाचा उष्मा असतो, पत्रा, डांबर, मुरूम, माती यांचा. लँडसॅट सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास येतो, आणि त्या वेळी गावाबाहेरचे उघडे माळरान शहराहून अधिक तापलेले दिसू शकते. त्यावरून सोलापूर शहर थंड असल्याचा निष्कर्ष काढणारास पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यातली एक रात्र काढण्यास सांगावे.

गैरसमज ७: नकाशात दिसणारी हद्द हीच कायद्याची हद्द.

वस्तुस्थिती: बांध दिसतो, मालकी दिसत नाही. १:५००० प्रमाणाच्या कागदी नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. असा नकाशा चित्रावर बसवताना रेघ थोडी सरकली, तरी भावाभावांत वाद पेटायला तेवढे पुरे. हद्दीचा निवाडा भूमी अभिलेख खात्याची मोजणीच करते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे चित्रण ड्रोनने होते. परंतु ड्रोन उडण्यापूर्वी मिळकतदारांच्या समक्ष जमिनीवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, आणि चित्रात त्याच रेषा उमटतात. तात्पर्य, हद्द आधी माणसे दाखवतात, मग यंत्र ती टिपते.

गैरसमज ८: ही सारी विद्या सरकारच्या आणि श्रीमंतांच्या मालकीची.

वस्तुस्थिती: लँडसॅटची चित्रे २००८ पासून विनामूल्य आहेत, सेंटिनेलचीही तशीच. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून सर्वांना खुले आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर १९८८ पासून राज्यासाठी हे काम करीत आहे. नकाशे करण्याची ‘क्यूजीआयएस’ ही प्रणालीही फुकट मिळते. महाविद्यालयातला विद्यार्थी आपल्या गावच्या तळ्याची दहा वर्षांची चित्रे क्रमाने मांडू शकतो, आणि तळे कोणत्या बाजूने बुजत गेले हे ग्रामसभेपुढे ठेवू शकतो.

म्हणूनच या विद्येला भिण्याचे किंवा तिच्यापुढे नमण्याचे कारण नाही. विंगेटची साखळी अचूक होती; पण साखळीने कस सांगितला नाही, त्यासाठी माती हातात घेऊन पाहावी लागली. आजचा चौकोन त्या साखळीचाच वारस आहे. तेव्हा उद्या एखादी नोटीस, एखादा पंचनामा किंवा एखादा आराखडा ‘उपग्रहचित्रानुसार’ म्हणून आपल्या दारी आला, तर वाचकांनी तीन गोष्टी नम्रपणे, पण लेखी विचाराव्यात: चित्र कोणत्या तारखेचे आहे, त्याचा एक चौकोन किती गुंठ्यांचा आहे, आणि जागेवर कोण जाऊन आले.