कबड्डीपटूचे मोल

आमच्या बिदर भागात देवणी बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, मग खूर, आणि शेवटी चार पावले चालवून पाहतो. माणसाची अशी पारख होऊ लागली की आम्हांस खटकते. परंतु २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेत खेळाडूंचा लिलाव होतो. अर्थात तेथे माणूस विकला जात नाही, ठरावीक काळापुरता त्याचा खेळ विकला जातो.

चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबास ३६ लाख ४० हजारांस मिळाला. त्या हंगामात चढायांत त्याने दोनशेहून अधिक गुण मिळविले, आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. वर्षभरात त्याचे बळ चौपट झाले काय? नव्हे, आधी जे अनुमान होते, त्यास आता आकड्यांचा आधार मिळाला.

तथापि बोली लागते ती पुढील गुणांवर. पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांस घेतले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला व उरलेल्या हंगामास मुकला. तरीही २०२३ मध्ये टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार दिले! संघाच्या एकूण खर्चास मर्यादा असल्याने एकावर इतके वेचले की पकड करणाऱ्यांसाठी थोडेच उरते. पवनने त्या हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळविले. टायटन्स मात्र गुणतक्त्यात तळाशी राहिले.